नाव आजाराचे, अडचण पडद्यावरची

डोळ्याचे पाते लवायला सेकंदाचा अंशही पुरतो. घरबसल्या बँकेचे खाते उघडताना किंवा ‘केवायसी’ पूर्ण करताना मोबाइलचा कॅमेरा अनेकदा नेमके हेच करायला सांगतो : पापण्यांची उघडझाप करा. समोर कुणाचे छायाचित्र धरलेले नसून हाडामांसाचा माणूस बसला आहे, याची ती खातरजमा असते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या अनेकांना ही साधी आज्ञा पाळता येत नाही. अशा हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी या अडचणीबाबत सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. एका अंध व्यक्तीची याचिकाही त्यासोबत ऐकली गेली. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले. पापण्या मिचकावण्याखेरीज दुसरे पर्यायही उपलब्ध करून द्या, असा आदेशही दिला.

या निकालाची चर्चा हक्कांच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. पण त्यात वैद्यकशास्त्राशी निगडित असा एक प्रश्नही दडलेला आहे. न मिटणाऱ्या पापणीचे दिव्यांगत्व नेमके कोणते?

कायद्याच्या यादीत ॲसिड हल्ल्याने बाधित व्यक्ती हालचालीच्या दिव्यांगत्वाच्या गटात येतात. मराठीत या गटाला सर्रास ‘अस्थिव्यंग’ म्हटले जाते. पापणीत तर हाड नसते. याच गटात पोलिओमुळे पाय लुळा पडलेली व्यक्ती येते, तिला पापणी मिटण्याची काहीच अडचण नसते. कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्तीही याच गटात येते. कुष्ठरोगात चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली, तर तिचीही पापणी मिटत नाही. चौथी व्यक्ती ‘बेल्स पाल्सी’ची, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडलेली. हा आजार बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरा होतो. त्यामुळे तिला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळणार नाही. तोपर्यंत त्या बाजूची पापणी मात्र मिटत नाही आणि कॅमेऱ्याला तिची अडचण कळत नाही.

म्हणजे एका गटातल्या तिघांच्या अडचणी वेगवेगळ्या आणि गटाबाहेरच्या चौथ्याची अडचण मात्र त्यातल्या दोघांसारखीच. वेबसाइट आणि ॲप सर्वांना वापरता यावीत, यासाठी चाललेल्या कामाला ‘सुगम्यता’ म्हणतात. या कामात दिव्यांगत्वाच्या प्रकारांना नावे कशी द्यायची, हा प्रश्न वरवर भाषेचा वाटतो. प्रत्यक्षात कुणाचे काम होते आणि कुणाचे अडते, हे बऱ्याच अंशी या नावांवर ठरते.

दोन याद्या, दोन हेतू

भारतात १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, स्नायूंचा ऱ्हास, पार्किन्सन, थॅलसेमिया, सिकलसेल अशा अनेकांना प्रथमच कायद्याची ओळख मिळाली. नोकरीतील आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ते ठरवण्याचे काम सरकारी रुग्णालयांतील वैद्यकीय मंडळे करतात. दृष्टी किती, श्रवण किती डेसिबल, सांधा किती अंशांत वाकतो, हे मोजले जाते आणि कागदावर आजाराचे नाव व टक्केवारी उमटते. लाभ कुणाला द्यायचा हे ठरवायचे असेल, तर अशी रेष कुठेतरी ओढावीच लागते.

वेबसाइट बनवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. इंटरनेटचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला. १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. २००८ मध्ये त्यांची दुसरी, पूर्ण नवी आवृत्ती आली आणि त्यानंतर २०१८ व २०२३ मध्ये त्यात भर पडली. या तत्त्वांचा पाया चार गोष्टींचा आहे : पडद्यावरची माहिती जाणवली पाहिजे, पडदा वापरता आला पाहिजे, मजकूर समजला पाहिजे आणि हे सगळे वेगवेगळ्या उपकरणांवर टिकले पाहिजे. या उपक्रमात दिव्यांगत्वाचे ढोबळ पाच गट केले जातात : दृष्टी, श्रवण, वाचा, शारीरिक हालचाल आणि आकलन. अध्ययन व मज्जासंस्थेच्या अडचणी आकलनाच्या गटात येतात.

कायद्याचे एकवीस प्रकार या पाच गटांत घालायला गेले, की घोळ सुरू होतो. थॅलसेमिया आणि हिमोफिलिया कुठे घालायचे? त्यांचा पडद्याशी थेट संबंध नाही. पण हिमोफिलियात वारंवार रक्तस्राव होऊन कोपराचा सांधा आखडला, तर माऊस हलवणे अवघड होते. पार्किन्सनमध्ये हात थरथरतो, म्हणून तो ‘हालचाल’ गटात घालावा, तर आवाजही क्षीण होतो आणि बोलून चालणाऱ्या सेवेला तो ऐकू जात नाही. काहींमध्ये पुढे विचारांचा वेगही मंदावतो. आजार एक असला, तरी गट तीन होतात.

एका शब्दात दोन उलट गरजा

‘अंध’ हा शब्द सगळ्यांना कळतो, असे वाटते. कायद्यानुसार मात्र त्यात तीन प्रकारच्या व्यक्ती येतात. पहिला प्रकार पूर्ण दृष्टिहीनांचा. दुसऱ्या प्रकारात चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असते. म्हणजे निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसते, ते यांना ३ मीटरवरूनही दिसत नाही. तिसऱ्या प्रकारात दृष्टीचे क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी उरलेले असते.

या तिघांना एकाच वेबसाइटसमोर बसवून पाहावे. पहिली व्यक्ती पडद्याकडे पाहतच नाही. ‘एनव्हीडीए’ किंवा ‘टॉकबॅक’सारखा स्क्रीन रीडर तिला मजकूर वाचून दाखवतो. तिच्यासाठी रंग आणि अक्षरांचा आकार गौण असतो. मजकूर खऱ्या अक्षरांत असणे, प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन असणे आणि प्रत्येक बटणाला नाव असणे महत्त्वाचे असते. सरकारी परिपत्रक कागदावर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून टाकले, तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते कोरे चित्र असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधील मराठी मजकुराचीही तीच गत. डोळ्यांना तो शुद्ध मराठी दिसतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो.

दुसऱ्या व्यक्तीला थोडे दिसते. डोळ्याच्या मध्यबिंदूचा, म्हणजे मॅक्युलाचा ऱ्हास झाला असेल, तर नेमके जिथे पाहावे तिथेच धुरकट दिसते. तिला अक्षरे खूप मोठी करावी लागतात आणि अक्षर व पार्श्वभूमी यांत ठळक फरक लागतो. मार्गदर्शक तत्त्वांनी साध्या मजकुरासाठी हा फरक किमान ४.५ : १ असा ठरवला आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी ही सध्याची आवडती रंगसंगती बहुधा इथेच नापास होते.

तिसऱ्या व्यक्तीची अडचण बरोबर उलटी असते. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारांत कडेची नजर जाते आणि मधला भाग शेवटपर्यंत शाबूत राहू शकतो. नळीतून पाहिल्यासारखे दिसते. अशी व्यक्ती बारीक अक्षरे सहज वाचू शकते. तिच्यासाठी अक्षरे मोठी केली, तर त्या नळीत एका वेळी दोनच अक्षरे मावतात आणि वाचणे आणखी अवघड होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उमटलेली ‘पासवर्ड चुकला’ ही सूचना तिला दिसतच नाही.

तिघांच्याही प्रमाणपत्रावर ‘अंध’ असेच लिहिलेले असते. वेबसाइटच्या माथ्यावर ‘अ+’ आणि ‘अ-’ अशी दोन बटणे बसवून ‘अंधांसाठी सोय केली’ असे जाहीर करणाऱ्याने तिघांपैकी फार तर एकाची सोय केलेली असते.

‘मूकबधिर’ आणि ‘मतिमंद’

काही शब्द नुसते अपुरे नाहीत, ते चुकीचे आहेत. ‘मूकबधिर’ हा त्यांपैकी एक. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचे स्वरयंत्र धडधाकट असते. कानावर भाषा पडली नाही, म्हणून बोलणे आले नाही, एवढेच. पुढे यातली अनेक मुले भारतीय सांकेतिक भाषा शिकतात. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि या व्यक्तींसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा ठरते. याउलट साठीनंतर ऐकू येणे कमी झालेल्या आजोबांची पहिली भाषा मराठीच असते. आरोग्यविषयक व्हिडिओखाली मराठी अक्षरे दिली, की आजोबांचे काम होते. सांकेतिक भाषेत वाढलेल्या तरुणीला मात्र तेवढे पुरेलच असे नाही, तिला कदाचित दुभाषी लागेल. ‘श्रवणदोष’ हा एकच शब्द ही दोन माणसे वेगळी करत नाही.

‘मतिमंद’ हा शब्द तर दुखावणाराही आहे आणि निरुपयोगीही. कायद्याने तो सोडून ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा घेतली. तरीही वेबसाइट बनवणाऱ्याला बुद्ध्यंकाचा आकडा सांगून काही उपयोग नसतो. चार पायऱ्यांनंतर पहिली पायरी विसरली जाते का, हलत्या जाहिरातीने लक्ष उडते का, लांबलचक वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात निसटते का, हे त्याला कळायला हवे. पक्षाघातानंतर भाषा हरवलेल्या, म्हणजे ॲफेजिया झालेल्या रुग्णाची बुद्धी शाबूत असू शकते, पण शब्द सापडत नाहीत. अध्ययन अक्षमता असलेला विद्यार्थी हुशार असतो, पण अक्षरे वाचताना अडखळतो. या तिघांची वैद्यकीय नावे निरनिराळी आहेत आणि कायद्याच्या यादीतही ते वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पण लहान वाक्ये, एका पानावर एकच काम आणि पुरेसा वेळ यांचा फायदा तिघांनाही होतो. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक नवा निकष आला : खात्यात प्रवेश करण्यासाठी केवळ स्मरणशक्तीची किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा घेऊ नये. हा निकष कोणत्याही आजाराचे नाव घेत नाही.

नाव नसलेल्यांची गोष्ट

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेचा एक भाग दाखवला गेला. एका प्रसंगात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकत होता. त्या संध्याकाळी देशभरात सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती. काहींना फेफरे आले होते, काहींना मळमळ आणि भोवळ. त्यांपैकी अनेकांना याआधी कधीही फेफरे आले नव्हते. आपला मेंदू लुकलुकत्या प्रकाशाला संवेदनशील आहे, हे त्यांना किंवा त्यांच्या आई-वडिलांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

भारतीय कायद्यातील एकवीस प्रकारांत अपस्मार हे नाव स्वतंत्रपणे नाही. पण वेबसाइटच्या निकषांत एक साधा नियम आहे : पडद्यावरची कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये. (फार लहान किंवा फिक्या लुकलुकीला सूट आहे.) हा नियम कुणाकडे प्रमाणपत्र मागत नाही, कुणाला गटात घालत नाही. ज्यांना स्वतःचा आजार माहीतच नाही, त्यांनाही तो वाचवतो.

रंग ओळखण्यातील दोषाचेही तसेच. तो कायद्याच्या यादीत नाही. त्याच्या नेहमीच्या प्रकाराचे जनुक पुरुषांना आईकडून मिळते आणि तो पुरुषांत अधिक आढळतो. ‘लाल रंगातील रकाने भरणे आवश्यक आहे’ ही सूचना अशा पुरुषाला कोड्यात टाकते. मोतीबिंदू पिकत असलेली आजी, मधुमेहाने नजर अधू झालेला शेतकरी, मनगट प्लॅस्टरमध्ये असलेली शिक्षिका, संधिवाताने बोटे वाकलेली गृहिणी यांपैकी कुणीही स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाही. पण ओटीपीची मुदत संपण्याआधी सहा आकडे वाचून भरणे त्यांना जड जाते.

आदर पुरेसा नाही

आपल्याकडे शब्दांवरचा वाद बहुतेक वेळा सन्मानाभोवती फिरतो. ‘अपंग’ गेला, ‘विकलांग’ आला आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवल्यानंतर ‘दिव्यांग’ रूढ झाला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. दैवी अवयवाची कल्पना आम्हाला नको, आम्हाला बरोबरीचे नागरिक म्हणा, असा आक्षेप या क्षेत्रातील काही संघटनांनी त्या वेळी घेतला होता. हा वाद महत्त्वाचा आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपट आणि दृक्‌श्राव्य माध्यमांनी दिव्यांगांविषयी बोलताना कोणती भाषा टाळावी, याची मार्गदर्शक तत्त्वे दिली.

पण शब्दाला दोन कामे करावी लागतात. त्याने माणसाचा मान राखावा आणि समोरच्याला काय करायचे आहे, हेही कळवावे. ‘दिव्यांगस्नेही वेबसाइट’ असे म्हटल्याने पहिले काम कदाचित होईल, दुसरे होत नाही. बनवणाऱ्याने नेमके काय बदलायचे, हे त्यातून कळत नाही.

युरोपमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईएन ३०१ ५४९’ या मानकाने यावर एक साधा तोडगा काढला. त्याने आजारांऐवजी वापराच्या पद्धतींना नावे दिली. दृष्टीशिवाय वापर, मर्यादित दृष्टीने वापर, रंग न ओळखता वापर, ऐकू न येता वापर, कमी ऐकू येत असताना वापर, आवाज न वापरता वापर, हातांची ताकद किंवा हालचाल मर्यादित असताना वापर, आकलन, भाषा किंवा अध्ययन मर्यादित असताना वापर आणि फेफऱ्याचा धोका कमी राखून वापर, अशी ती यादी आहे. भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १७८०२’ हे मानक त्यावरच बेतलेले आहे आणि २०२३ मध्ये ते दिव्यांग हक्क कायद्याच्या नियमांत आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे काही निकष केवळ शिफारस म्हणून नव्हे, तर बंधनकारक असले पाहिजेत, असेही स्पष्ट केले.

‘दृष्टीशिवाय वापर’ या दोन शब्दी नावाची किमया पाहण्यासारखी आहे. त्यात जन्मांध व्यक्ती येते, डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी बांधलेली व्यक्तीही येते. ते कुणाला हिणवत नाही, देवत्वही देत नाही. आणि बनवणाऱ्याला परीक्षा घेता येते : पडदा बंद करा आणि भेटीची वेळ नोंदवून दाखवा.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

२०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी, म्हणजे सुमारे २.२ टक्के लोक दिव्यांग नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज मात्र सुमारे १६ टक्क्यांचा आहे. दोन्ही आकडे एकाच पद्धतीने काढलेले नाहीत, तरी इतक्या मोठ्या फरकाचे एक कारण प्रश्नातच आहे. ‘घरात कुणी दिव्यांग आहे का?’ असे दारात विचारले, तर अनेक घरांतून ‘नाही’ असे उत्तर येते. ‘चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? लक्षात ठेवायला अवघड जाते का?’ असे विचारले, तर आजी पुढे येऊन बोलू लागते. संयुक्त राष्ट्रांच्या वॉशिंग्टन गटाने सर्वेक्षणांसाठी याच धर्तीवर सहा प्रश्न तयार केले आहेत. त्यांत आजाराचे नाव विचारलेले नाही.

याचा अर्थ आजाराची नावे टाकून द्यावीत, असा नाही. निदान उद्याविषयी सांगते. रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्या तरुणाची नजर हळूहळू आणखी आकसणार, हे निदानामुळेच कळते. म्हणून थोडी नजर शिल्लक असतानाच त्याने स्क्रीन रीडर शिकून घ्यावा, असे डॉक्टर सांगू शकतात. पार्किन्सनच्या रुग्णाला दिवसाच्या कोणत्या वेळी औषधाचा परिणाम ओसरतो, हेही निदानाशीच जोडलेले आहे. आजाराचे नाव उपचारासाठी आणि हक्काच्या लाभासाठी हवे, तर अडचणीचे नाव रोजच्या वापरासाठी.

रुग्णालयांत हे दोन्ही एकाच कागदावर लिहिणे अवघड नाही. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याने ठरलेला असतो. पण डिस्चार्ज कार्डावर किंवा बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर आणखी एक ओळ लिहायला कुणाची हरकत नसावी : ‘सूचना मोठ्या अक्षरांत द्याव्यात’, ‘फोन करू नये, संदेश पाठवावा’, ‘उजव्या बाजूचे दिसत नाही’, ‘अंगठ्याचा ठसा उमटत नाही, दुसरा पर्याय वापरावा’. ऑनलाइन अर्जातही ‘दिव्यांगत्वाचा प्रकार निवडा’ या रकान्याची गरज लाभ ठरवण्यापुरतीच असते. इतर ठिकाणी ‘माहिती तुम्हाला कशी हवी?’ असे विचारणे अधिक उपयोगी. लेखी, आवाजात, मोठ्या अक्षरांत की सांकेतिक भाषेत, हे माणूस स्वतः सांगेल आणि त्यासाठी त्याला आपला आजार उघड करावा लागणार नाही.

घरातही हे करून पाहता येते. वयस्कर माणसाला मोबाइल जमत नाही, तेव्हा ‘आता वय झालं’ असे म्हणून त्याच्या हातातून फोन काढून घेतला जातो. त्याऐवजी नेमके काय अडते, हे विचारावे. अक्षर दिसत नाही, बोट बटणावर बसत नाही, इंग्रजी सूचना कळत नाही, की वेळ पुरत नाही? यांतल्या प्रत्येकाला वेगळे उत्तर आहे आणि त्यातली काही उत्तरे त्याच फोनच्या सेटिंगमध्ये आधीच ठेवलेली असतात.